परवानगीची एक ओळ आणि वडनेरकर मॅडम

शैलजा वडनेरकर मॅडमची आणि माझी पहिली भेट नाशिकला, शरणपूर रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात झाली. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. तंत्रनिकेतनातली नोकरी सोडून त्यांनी दोन खोल्यांत संगणकाचा क्लास आणि दुकानदारांना, दवाखान्यांना सॉफ्टवेअर करून देण्याचा छोटासा व्यवसाय सुरू केला होता. बाहेरच्या खोलीत क्लास, आतल्या खोलीत एक मोठे मशिन. मी डिप्लोमाची फाइल छातीशी धरून मुलाखतीला गेलो, तेव्हा मॅडम त्या मशिनला कान लावून उभ्या होत्या. डिस्कचा आवाज नेहमीसारखा येतो आहे की नाही, ते ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी मला बसायला सांगितले आणि एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला कशाची भीती वाटते?"

खरे तर मला त्या प्रश्नाचीच भीती वाटली होती. नोकरी हवी होती, तेव्हा छाती पुढे काढून म्हणालो, "कशाचीच नाही, मॅडम."

"मग आतल्या खोलीत तुमचं काम नाही. बाहेर क्लासवर शिकवा," असे म्हणून त्यांनी मला त्याच दिवसापासून कामावर घेतले.

दोन वर्षे मी पोरांना टायपिंग आणि फाइल कशी जपून ठेवायची ते शिकवले. आतल्या खोलीचे दार माझ्यासाठी उघडले ते एका दुपारी. भारनियमनाची वेळ होती, आत एका दवाखान्याच्या माहितीची प्रत काढणे चालू होते, मॅडम जेवत होत्या आणि दिवे गेले. बॅटरीवर मशिन चालत राहिले खरे, पण पडद्यावर जे उमटले त्यावरून प्रत पूर्ण झाली की अर्धवट राहिली, ते मला उमगेना. मी धावत जाऊन म्हणालो, "मॅडम, मला फार भीती वाटतेय. झालंय की नाही ते कळत नाही." त्यांनी हातातला घास खाली ठेवला, प्रत पुन्हा काढायला लावली आणि म्हणाल्या, "उद्यापासून आत बसा." त्याच आठवड्यात 'तुम्ही'चे 'तू' झाले आणि मी घरचा झालो.

गौरवग्रंथात सहसा निर्भय माणसे भेटतात. मला मात्र एका भित्र्या बाईंविषयी लिहायचे आहे, आणि लिहिणारा, दिलीप जाधव, त्यांच्याहून भित्रा. आमच्या भीतीत फरक होता. तो किती होता, हे सांगण्यासाठीच मी या ग्रंथात लिहिण्याचे निमंत्रण स्वीकारले. संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी घाबरलो होतो, कारण मॅडमविषयी लिहायचे म्हणजे एक गोष्ट सांगावी लागणार, आणि ती मी इतकी वर्षे कोणालाही सांगितली नव्हती.

आधी त्यांच्या भीतीचे थोडे वर्णन करतो. ऑफिसला कुलूप लावून मॅडम बसथांब्यापर्यंत जात आणि कुलूप ओढून पाहायला परत येत. गाडी भरधाव चालली की डोळे मिटून घेत. दर शनिवारी ग्राहकांच्या सगळ्या माहितीची एक प्रत जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून त्या देवळाली कॅम्पला बहिणीकडे नेत आणि तिच्या कपाटात ठेवत. ऑफिसला आग लागली तर? पुराचे पाणी आले तर? बहिणीचे यजमान तोफखान्यात होते. ते म्हणत, "अर्ध्या नाशिकची दुकानं आमच्या तोफांच्या पहाऱ्यात आहेत!" आम्ही सगळे हसत असू, मॅडम हसत नसत. धंद्यातले लोक मागे म्हणत, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. या बाई कसला व्यवसाय करणार. पण आग लागली नाही आणि पूरही दारापर्यंत आला नाही, तरी देवळालीची फेरी एकाही शनिवारी चुकली नाही.

कामाच्या त्यांच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की सर्व्हरच्या, म्हणजे आतल्या मोठ्या मशिनच्या, कुठल्याही फाइलला एकट्याने हात लावायचा नाही. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने शेजारी बसून ते अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचायचे. नवे लोक याला पोरखेळ समजत. मीही समजत असे. एकदा मी लिहिलेली ओळ मॅडमनी वाचली आणि तिच्यातला एक आकडा उलटा पडला होता. तो तसाच राहता तर एका डॉक्टरांच्या पेशंटांची यादी दुसऱ्या डॉक्टरांच्या पडद्यावर गेली असती. त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

दुसरी रीत म्हणजे वही. प्रत्येक बदल वहीत लिहायचा, तीन रकान्यांत: काय बदलले, कोणासाठी बदलले, आणि यामुळे कोणाचे नुकसान होऊ शकते. तिसरा रकाना मोकळा सोडायची मुभा नव्हती. एकदा मी तिथे 'कोणाचेही नाही' असे लिहून मोकळा झालो, तर मॅडमनी मला खुर्चीवरून उठू दिले नाही. "शोध. कोणीतरी असतोच," म्हणाल्या. तासाभराने सापडला: ज्यांच्याकडे जुना संगणक आहे, त्यांना ते पान उघडणार नव्हते.

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर पुष्कळ आहे. आमचे घर फुलांचे. मखमलाबादच्या बाजूला वडिलांची झेंडू-शेवंतीची शेती आणि आई बाजारात पाटी घेऊन बसायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला रजा लागे आणि ती मागायला मी घाबरत असे. पहिल्याच वर्षी मॅडमनी वहीतून मान वर न करता सांगितले, "उद्या-परवा येऊ नका, आईला मदत करा." पुढे एका दसऱ्याला वडील आजारी होते, मी वडिलांपाशी आणि आई एकटी बाजारात. मॅडम पहाटे तिथे जाऊन गोणपाटावर तिच्या शेजारी बसल्या. गर्दीची त्यांना धडकी भरत असे. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या दुपारपर्यंत बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होत्या, "घ्या ना, ताजी आहेत." आई अजून सांगते, "तुझी बाई लय घाबरत होती रे, पण उठली नाय."

आता त्या गोष्टीकडे येतो.

दोन हजारचे दशक संपत आले होते. द्राक्षांच्या नमुन्यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेचे काम आमच्याकडे होते. द्राक्ष परदेशी जायचे तर त्यात फवारणीच्या औषधाचा अंश किती उरला आहे, याचा रिपोर्ट लागतो. प्रत्येक बागायतदाराचा रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर असे आणि तो ज्याचा त्यानेच पाहायचा. नापास रिपोर्टाची बातमी फुटली की बागेला नाव पडते. मग दुसरा नमुना पास झाला तरी व्यापारी बागेकडे फिरकत नाही, आणि पिकलेले द्राक्ष कोणासाठी थांबत नाही.

रिपोर्ट आमच्याकडे, पण ते दाखवणारे पान बागायतदारांच्या संघाच्या वेबसाइटवर, म्हणजे वेगळ्या पत्त्यावर होते. बागायतदार आपला पासवर्ड टाकी आणि ते पान आमच्या सर्व्हरकडे रिपोर्ट मागे. एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्यावरची माहिती मागितली की ब्राउझर मध्ये आडवा येतो. सर्व्हरने उत्तरासोबत परवानगीची ओळ धाडली आहे का आणि त्या ओळीत या पानाचा पत्ता आहे का, एवढे तो बघतो. असला तर माहिती पानाच्या हाती देतो, नसला तर देत नाही. शाळेतून मूल न्यायला कोणी पाहुणा आला की बाई घरच्यांची चिठ्ठी बघतात, तसाच हा प्रकार. ही सोय तेव्हा नवीकोरी होती, फक्त नव्या ब्राउझरांत चाले आणि नाशिकात ती जाणणारे आम्ही दोघे-चौघेच असू. मॅडमनी वाचली होती आणि मी लिहिली होती ती ओळ. तिच्यात फक्त संघाच्या वेबसाइटचे नाव होते.

ऐन हंगामात संघाने आपल्या वेबसाइटचा पत्ता बदलला आणि आम्हाला कळवलेच नाही. मॅडम त्या दोन दिवसांत भाचीच्या लग्नासाठी देवळाली कॅम्पला होत्या. सकाळपासून प्रयोगशाळेच्या साहेबांचे फोन सुरू झाले. "अहो, एकाचाही रिपोर्ट दिसत नाही. लोक आमच्या दारात उभे आहेत. दुपारपर्यंत चालू झालं नाही तर मी दुसरा माणूस बघतो."

मी घाबरलो. वास्तविक काम सोपे होते, जुन्या नावाच्या जागी नवे नाव लिहायचे. पण काही बागायतदार पत्त्याआधी तीन डब्ल्यू लावून येत, काही न लावता येत. ब्राउझरच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते, आणि परवानगीच्या ओळीत एकच नाव मावते. एकाचे चालू झाले की दुसऱ्याचे बंद पडे. मग मी नावाच्या जागी फुली टाकली, म्हणजे कोणीही या. तर पासवर्ड टाकून आलेल्याला ब्राउझर तशी मोघम परवानगी चालवून घेत नाही. साहेबांचा पुन्हा फोन आला. शेवटी इंटरनेटवर कोणीतरी दिलेला एक तोडगा मी जसाच्या तसा उतरवून घेतला: जो कोणी विचारील, त्याचेच नाव परवानगीच्या ओळीत लिहून परत पाठवायचे.

सगळे रिपोर्ट झटक्यात दिसू लागले. साहेब म्हणाले, "शाब्बास." मी खाली जाऊन मिसळ खाल्ली. एकट्याने लिहिले होते, शेजारी वाचायला कोणी नव्हते. वहीत नोंदही केली नाही, कारण तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे याची मला भीती वाटत होती. तात्पुरते आहे, मॅडम आल्या की नीट करू, असे मनाला सांगितले. मॅडम आल्या आणि मी गप्प राहिलो. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी दुपारी ऑफिसात फोन वाजला. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गावातल्या सुमनबाई गांगुर्डे बोलत होत्या. यजमान नोकरीनिमित्त बाहेर आणि बाग सगळी त्या बघत. आम्ही त्यांना सुमनकाकू म्हणत असू. त्यांच्या एका प्लॉटचा पहिला रिपोर्ट नापास आला होता. शेजारच्या बागेतले औषध वाऱ्याने उडून आले होते. त्यांनी दुसरा नमुना दिला होता आणि त्याची वाट बघत होत्या.

"भाऊ, माझा रिपोर्ट त्या यापाऱ्याला कसा काय कळला?" त्यांनी विचारले. "मी अजून कोणाला सांगेल नाय. घरात सासूला बी नाय. अन् तो मला बांधावर इचारतो, दुसरा नमुना दिला म्हने?"

"काकू, तुम्ही रिपोर्ट कुठून पाहता?"

"पिंपळगावला, कॅफेत. आधी त्याच्याच पानावर भाव बघते, मंग तुमचा रिपोर्ट. समदेच तसं बघत्यात."

मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. त्या व्यापाऱ्याचे द्राक्षांचे भाव दाखवणारे पान तालुक्यातला प्रत्येक बागायतदार सकाळी उघडी. एका खिडकीत भाव आणि दुसऱ्या खिडकीत रिपोर्ट. मनात आणले असते तर ते भावाचे पान बागायतदाराच्या नकळत, त्याच्याच ब्राउझरमधून, त्याचा रिपोर्ट आमच्याकडे मागू शकले असते. आमच्या सर्व्हरने त्याचेच नाव परवानगीत लिहून रिपोर्ट हवाली केला असता. मी देवाला हात जोडले, की त्या कॅफेत जुनाच ब्राउझर असू दे. फोन करून विचारले. कॅफेवाला अभिमानाने म्हणाला, "नवीन टाकलाय साहेब, एकदम फास्ट."

मी एक छोटे पान तयार करून तिसऱ्याच पत्त्यावर ठेवले आणि आमच्याच तपासणीच्या पासवर्डने करून पाहिले. रिपोर्ट समोर आला. मी ताबडतोब ती ओळ काढली आणि संघाच्या दोन पत्त्यांची यादी करून त्यातल्या विचारणाऱ्यालाच परवानगी मिळेल असे केले. पंधरा मिनिटांचे काम होते.

राहिला लॉग. सर्व्हरवर प्रत्येक मागणीची एक ओळ लिहिली जाते: कोणी मागितले, केव्हा, कोणत्या पानावरून. ती नऊ दिवसांची फाइल उघडली असती तर त्या व्यापाऱ्याच्या पानाचे नाव तिच्यात आहे की नाही, हे कळले असते. मी तिच्यावर बोट ठेवून बसलो. नाव असले तर काय? सुमनकाकूंचे काय, बाकीच्या बागांचे काय, माझ्या नोकरीचे काय? पोलीस येतील का? मी ती फाइल न वाचताच पुसून टाकली. तिची दुसरी प्रत नव्हती. देवळालीला रिपोर्ट जात, लॉग जात नसे.

मॅडम क्लास संपवून आत आल्या. माझ्याकडे बघूनच त्यांनी विचारले, "काय केलंस?" मी सगळे सांगितले. त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितले.

"पुसण्याआधी वाचला होतास?"

"नाही, मॅडम."

"एकही ओळ?"

"नाही."

"म्हणजे आता आपल्याला कधीच कळणार नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांना अनेकदा घाबरलेले पाहिले होते, पण असे नाही. मला वाटले, आता हाकलून देतील. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी पहिल्या गाडीनं पिंपळगावला जायचं. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. महामार्गावर समोरून कांद्याचे ट्रक येत होते आणि मॅडम पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून बसल्या होत्या. सुमनकाकूंच्या अंगणात पोहोचलो तेव्हा त्या क्रेट धूत होत्या. त्यांनी चहाला विचारले. मॅडमनी आधी ऐकून घ्या म्हटले.

"चूक आमची आहे. तुमचा रिपोर्ट नऊ दिवस दुसऱ्याच्या पानाला मागता येत होता. कोणी मागितला असेल, नसेलही. आम्हाला सांगता येत नाही, कारण ते ज्यात लिहिलेलं असतं ते पुसलं गेलंय."

सुमनकाकू उभ्या राहिल्या. "पुसलं? कोणी पुसलं?"

मी पाण्याच्या टाकीपाशी होतो. दोन शब्द होते, 'मी पुसलं'. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो.

"माझ्या ऑफिसात पुसलं गेलं," मॅडम म्हणाल्या. "मीच पुसलं असं समजा."

"कायला पुसलं बाई? तुमची लेक असती अन् तिच्या लग्नाची गोष्ट असती तर पुसलं असतं?" काकूंच्या डोळ्यांत पाणी आले होते. "गावात नाव गेलं माझ्या बागंचं. आता मी काय करू ते सांगा."

मॅडमनी त्यांच्यासमोरच प्रयोगशाळेला फोन लावून सगळे सांगितले आणि दुसरा रिपोर्ट लवकर द्या म्हणून हात जोडून विनंती केली. काकूंनी आम्हाला जा म्हटले नाही आणि बसा असेही म्हटले नाही. आम्ही निघालो.

परतीच्या गाडीत मी विचारले, "मॅडम, तुम्ही असं का सांगितलंत?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तुला अजून तीस वर्षं नोकरी करायची आहे," म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि बोलायचं असतं तर तू बोलला असतास."

काकूंचा दुसरा रिपोर्ट पास आला. पण तोवर संघाचा माल भरून गेला होता आणि त्यांच्या त्या वर्षीच्या द्राक्षांना बाहेरची वाट मिळाली नाही. ती इथल्याच बाजारात विकावी लागली. प्रयोगशाळेची गाडी दुसऱ्यांदा बागेत आलेली गावाने पाहिली होती, त्यावरूनही व्यापाऱ्याने अंदाज बांधला असेल. असेलही. या 'असेल'ने मला किती रात्री जागवले ते सांगत नाही.

मॅडमनी प्रत्येक बागायतदाराला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिले. पत्रे लिहिली नसती तर ही गोष्ट बाहेर कोणाला कळलीही नसती. पत्रांमुळे कळली. प्रयोगशाळेने काम काढून घेतले, आणखी दोन ग्राहक गेले. नाशिकच्या संगणकवाल्यांत बोलले जाऊ लागले, की वडनेरकर बाईंनी स्वतःची चूक झाकायला लॉग पुसला. पत्र लिहून सांगणारी बाई झाकेल कशी, असा विचार कोणी केला नाही. या ग्रंथाच्या वाचकांपैकीही काहींनी ते ऐकले असेल. एका परिषदेत एका गृहस्थांनी चारचौघांत मॅडमना हसत विचारले, "काय बाई, आज काही पुसलं की नाही?" मॅडम म्हणाल्या, "आज नाही." मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.

त्यांनी मला कामावरून काढले नाही. फक्त त्या दिवसापासून लॉगची प्रतही शनिवारी देवळालीला जाऊ लागली. वहीत त्या नऊ दिवसांची नोंद त्यांनी मला करायला लावली. तिसऱ्या रकान्यात मी सुमनबाई गांगुर्डे असे नाव लिहिले. कोणी पुसले याला वहीत रकानाच नव्हता. त्या वेळी मला त्याचे हायसे वाटले होते, हे कबूल करतो.

मी भित्रा होतो म्हणून वाचलो आणि मॅडम भित्र्या होत्या म्हणून बुडाल्या. मला माझ्यावर काय ओढवेल याची भीती होती. त्यांना दुसऱ्याचे काय होईल याची होती, आणि ती भीती त्यांना ओढून त्या अंगणात घेऊन गेली. मॅडमच्या कर्तृत्वाची यादी इतर लेखक देतील. माझ्यापाशी देण्यासारखे एवढेच आहे: तो लॉग मॅडमनी पुसला नव्हता. तो मी, दिलीप काशिनाथ जाधव याने, एकट्याने आणि न वाचता पुसला होता.

हे छापायचे तर सुमनकाकूंचे नाव येणार. त्यांचा रिपोर्ट एकदा त्यांना न विचारता उघडा पडला होता. दुसऱ्यांदा तसे करायची माझी छाती नव्हती. म्हणून गेल्या महिन्यात मी पिंपळगावला गेलो. काकू आता थकल्या आहेत, बाग सून बघते. मी सगळे सांगितले.

"मंजे तू पुसलं?"

"हो, काकू."

"अन् ती बाई तुझ्यावरचं तिच्यावर घेऊन गेली. अन् तू टाकीपाशी हुबा."

"हो, काकू," मी पुन्हा म्हणालो.

"दर संक्रांतीला तिचं पत्र येतं मला," काकू म्हणाल्या. "मी अजून एक बी उघडेल नाय. कपाटात हायेत समदे." त्यांनी पदराने डोळे टिपले. "लय वाईट केलं रे तू. नाव लिही माझं. नापास झाली होती ते बी लिही, अन् पास झाली ते बी. पर तुझं नाव आधी लिही."

ही पत्रे जात होती, हे मला माहीत नव्हते. मॅडम त्याविषयी कधी बोलल्या नाहीत.

परवा सुनेचा फोन आला. काकू एक पत्र उघडतात, दोनदा वाचतात आणि रोज दुपारी त्याचे उत्तर लिहायला बसतात. त्यांना घाई जमत नाही, एका उत्तराला आठवडा लागतो. सगळ्यांची उत्तरे द्यायची असा त्यांचा हट्ट आहे.

मॅडम, हे वाचून आपण माझ्यावर रागावाल. 'आधी मला विचारायला हवं होतंस,' असे म्हणाल. रागवा. पण प्रकृतीला जपा, औषधे वेळेवर घ्या, आणि परमेश्वर आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य देवो. पिंपळगावहून पत्रे यायला लागतील. काकू सावकाश लिहितात, आणि ती सगळी आपल्याला वाचायची आहेत.